विवरात बुडालेल्या वह्या

दिवाळीच्या अंकात काळोखाची गोष्ट सांगू नये, असा काही शास्त्राधार नाही. आपला दिव्यांचा सण मुळी अमावास्येला येतो. काळोखच नसता तर पणतीला कोण विचारणार होते? तेव्हा फराळाच्या ताटात विश्वातल्या सर्वांत दाट काळोखाची हकीकत वाढली, तर या सदराचे वाचक रागावणार नाहीत असा भरवसा आहे. वर्षभर या पानावर शब्दांची, ग्रंथांची आणि ग्रंथकारांची चर्चा चालते. आजचा विषय दिसायला आकाशातला असला तरी मुळात ग्रंथांचाच आहे. लिहिलेले कायमचे बुडू शकते काय, असा तो प्रश्न आहे. आणि तो घेऊन बसली आहेत ती पदार्थविज्ञानाची माणसे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले आणि वह्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या, ही कथा मराठी माणसाला कोणी सांगावी लागत नाही. भाविक ती तशीच मानतो. चिकित्सक म्हणतो, वह्या बुडाल्या असतील. पण अभंग गावोगावच्या लोकांच्या मुखी होते, ते कसे बुडणार? आणि पक्का संशयवादी म्हणेल, पाण्यात गेलेला कागद गेला, त्याच्यासाठी रडत बसू नये. ही तीन उत्तरे लक्षात ठेवावीत. गेली पन्नास वर्षे जगातले मोठमोठे गणिती एका निराळ्याच डोहाच्या काठावर उभे राहून याच तीन उत्तरांवर भांडत आहेत. त्या डोहाचे नाव कृष्णविवर.

शब्द चांगला आहे. इंग्रजी नाव अमेरिकेचे प्रो. जॉन व्हीलर यांनी १९६७ पासून रूढ केले. त्याचे शब्दशः भाषांतर 'काळे भोक' असे होते, आणि ते कानाला कसे लागते हे सांगायला नको. 'कृष्णविवर' हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा करण्यात डॉ. जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेला त्यांनी याच नावाची कथा धाडली, तीही 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेऊन, आणि बक्षीस पटकावले. गेल्या २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. पण 'विवर' म्हटले की आपण एक गोष्ट नकळत धरून चालतो, ती म्हणजे तळ. बिळाला तळ असतो, विहिरीला तळ असतो. या विवराला तळ आहे काय, आणि असल्यास तो कसला, यावरच सारा वाद आहे.

आइन्स्टाइनने १९१५ च्या नोव्हेंबरात गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुरा केला. वजनदार वस्तू आपल्याभोवतीचे अवकाश आणि काळ दोन्ही वाकवते, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, हे त्याचे सार. काही आठवड्यांतच कार्ल श्वार्त्सशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदाने, महायुद्धाच्या आघाडीवर असताना, त्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले. आणि १९१६ च्या मे महिन्यात तो आजाराने वारला. त्याच्या उत्तरातून निघते ते असे की, कोणतीही वस्तू पुरेशी चेपली तर तिच्याभोवती एक सीमा तयार होते आणि त्या सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्य त्यासाठी तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबावा लागेल. आपली पृथ्वी गोटीएवढी करावी लागेल. या सीमेला क्षितिज म्हणतात, आणि हाही शब्द नेमका आहे. क्षितिज म्हणजे भिंत नव्हे. आइन्स्टाइनच्या हिशेबाने ते ओलांडणाऱ्याला तिथे काहीच लागत नाही. फक्त मागे राहिलेल्यांना तो पुन्हा भेटत नाही.

मग आत काय होते? कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने पदार्थाच्या वाटा एकमेकींकडे कशा झुकत जातात, याचा तो हिशेब होता. दहा वर्षांनी, १९६५ साली, रॉजर पेनरोज यांनी त्याच्याच आधाराने दाखवून दिले की, एकदा असे कोंडाळे तयार झाले की आतली निदान एक तरी वाट कुठेतरी एकाएकी संपलीच पाहिजे. या कामासाठी २०२० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. साध्या विवरात वाट संपते तिथे घनता अनंत होते. आता गणिताचा कोणताही शिक्षक सांगेल की, व्यवहारातल्या उदाहरणाचे उत्तर 'अनंत' आले तर विश्व अद्भुत आहे असे समजू नये. रीत कुठे तोकडी पडली ते शोधावे. आइन्स्टाइनची रीत इथे तोकडी पडते, कारण ती क्वांटमचे नियम जाणत नाही. अणूच्या पोटात चालणारे ते नियम आणि अवकाश वाकवणारे हे नियम यांचे लग्न अजून लागलेले नाही. विवराचा तळ हा त्या लग्नाचा मांडव आहे.

या मांडवात पहिली ठिणगी टाकली स्टीफन हॉकिंग यांनी. क्षितिजाजवळ क्वांटमचे नियम लावून त्यांनी १९७४ साली असे काढले की विवर अगदी काळे नसते. ते मंद तापते आणि हळूहळू विरून जाते. किती मंद? सूर्याएवढ्या वजनाच्या विवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. रिकाम्या अवकाशाचे तापमानच शून्याच्या वर २.७ अंश आहे. म्हणजे आजघडीला असले विवर देते त्याहून घेतेच अधिक. ते सारे विरून जायला एकावर सदुसष्ट शून्ये इतकी वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय आहे अवघे १३८० कोटी वर्षे. पण प्रश्न तत्त्वाचा होता. विवरातून निघणारी ही ऊब सरसकट एकसारखी. आत ज्ञानेश्वरी पडली की रद्दी पडली, याचा तिच्यात मागमूस नाही. मग विवर विरून गेल्यावर आत पडलेल्या वह्यांतली अक्षरे कुठे गेली?

कोणी म्हणेल, चुलीत घातलेल्या वहीचेही तेच होते. तसे नाही. क्वांटमचा एक नियम असा की, आजची स्थिती संपूर्ण माहीत असेल तर कालची काढता येते. चुलीतली राख, धूर, उष्णता यांचा कणन्‌कण मोजणारा कोणी भेटला, तर तो तत्त्वतः वही पुन्हा लिहून देईल. व्यवहारात ते अशक्य, पण नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. हॉकिंग यांनी १९७६ साली सांगितले की कृष्णविवर हा नियम मोडते, गेलेले गेले. हे आपल्या संशयवाद्याचे उत्तर. ते खरे असेल तर पदार्थविज्ञानाचा पायाच हलतो. म्हणून पन्नास वर्षे ही झोंबाझोंबी चालली आहे. पुढे २००४ साली डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी स्वतःच मत फिरवले. कॅलिफोर्नियाचे जॉन प्रेस्किल यांच्याशी त्यांची १९९७ पासून पैज लागली होती. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या पसंतीचा ज्ञानकोश द्यायचा होता, कारण ज्ञानकोशातून माहिती हवी तेव्हा परत काढता येते. प्रेस्किल यांनी बेसबॉल या खेळाचा कोश मागितला आणि हॉकिंग यांनी तो दिला. पैज संपली, प्रश्न मात्र राहिला. कारण वह्या परत येत असतील तर त्या कोणत्या वाटेने, हे हॉकिंग यांना सर्वांच्या गळी उतरेल असे सांगता आले नाही. २०१९ साली काही तरुण गणितींनी अक्षरे त्या मंद उबेतूनच बाहेर पडत असली पाहिजेत असा पुष्कळ पटणारा हिशेब मांडला; तरी ती नेमकी कोणत्या वाटेने उबेत उतरतात, हे अजून कोणी बोट ठेवून दाखवलेले नाही.

आता भाविकाचे उत्तर पाहू. इथे आपल्याकडचे एक नाव येते. डॉ. अभय अष्टेकर हे १९४९ साली शिरपूरला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे अशा नव्या चलांत लिहून दाखवली की त्यांना क्वांटमचे नियम लावणे शक्य झाले. कार्लो रोव्हेल्ली आणि ली स्मोलिन यांनी त्या पायावर बांधकाम केले. या पंथाचे म्हणणे असे की अवकाश हे अखंड नाही. ते वस्त्रासारखे धाग्यांचे विणलेले आहे. दुरून पातळ सपाट दिसते, पण फार जवळून पाहिले तर वीण दिसते. ही वीण केवढी बारीक? प्रोटॉनचे एकावर वीस शून्ये इतके तुकडे केले तर त्यातला एक, साधारण तेवढी. वीण आहे म्हणजे तिच्याहून लहान जागाच नाही. आणि लहान जागाच नाही म्हणजे पदार्थ बिंदूत चेपला जाऊच शकत नाही. विवराच्या खोल आत चेपण्याची हद्द होते, आणि मग तो उलटा उसळतो. अष्टेकर यांनी खावियेर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर २०१८ साली असा हिशेब प्रसिद्ध केला की जिथे तळ फुटून अनंत येत होते, तिथे वाट पुढे चालू राहते आणि पलीकडे विवराचे उलटे रूप लागते. त्याला श्वेतविवर म्हणतात. कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही. श्वेतविवरात काही आत जात नाही, फक्त बाहेर येते.

रोव्हेल्ली आणि त्यांचे सहकारी आणखी एक पाऊल पुढे गेले. २०१४ च्या सुमारास त्यांनी सुचवले की ही उसळी आपल्याच विश्वात, त्याच जागी बाहेर पडत असेल. मग आजवर एकही विवर उसळलेले का दिसले नाही? त्याचे उत्तर पुराणातल्या रेवतीच्या कथेची आठवण करून देते. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथे घटकाभर थांबला, आणि परत येतो तो पृथ्वीवर युगेच्या युगे उलटलेली. गुरुत्वाकर्षण काळ मंदावते. सूर्याएवढ्या वजनाच्या विवरात पडणाऱ्याच्या घड्याळाने उसळी क्षणार्धात होते. बाहेरच्या घड्याळाने तिला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागतो. वह्या वर येणार, पण काठावर बसणाऱ्याला तेरा दिवस पुरणार नाहीत.

तिसरे उत्तर चिकित्सकाचे: वह्या बुडाल्याच नाहीत. हे म्हणणारांत प्रमुख डॉ. समीर माथुर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची उमेदवारी झाली आणि पुढे ते अमेरिकेतल्या ओहायोत स्थिरावले. त्यांचा पंथ दुसरा; तिथे सारे पदार्थ अतिसूक्ष्म तंतूंचे कंपन मानले जातात. या शतकाच्या आरंभापासून माथुर सांगत आले आहेत की विवराला पोकळ पोट नसतेच. ज्याला आपण क्षितिज समजतो तिथपर्यंत तंतूंचा एक गुंता भरलेला असतो, लोकरीच्या गुंड्यासारखा. आत पडायला जागाच नाही. पडणारी वस्तू त्या गुंत्यात विणली जाते आणि तिची अक्षरे त्याच्या विणीत राहतात.

इथवर वाचून एखादा चौकस वाचक विचारील, "हे सारे ठीक, पण एकाने उसळी सांगितली, दुसऱ्याने गुंता सांगितला, आणि पाहायला तर कोणीच गेले नाही. मग यात आणि पुराणात फरक कोणता?" हा प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच मोलाचा आहे. पुराणकथेला कोणी खोटी ठरवू शकत नाही, म्हणून ती टिकते. या कल्पनांना मात्र जगायचे असेल तर मरायचीही तयारी ठेवावी लागते. त्यांनी सांगितले पाहिजे की आमचे खरे असेल तर आकाशात अमुक खूण दिसेल. आणि ती दिसली नाही तर गप्प बसले पाहिजे. गेल्या दहा वर्षांत हे थोडेफार घडले आहे.

घंटा वाजवली की तिच्या नादावरून ती काशाची की पितळेची, लहान की मोठी, हे जाणकार ओळखतो. बंगलोरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी अमेरिकेत असताना १९७० साली दाखवले की कृष्णविवरालाही धक्का दिला तर ते घंटेसारखे निनादते आणि झपाट्याने शांत होते. आणि त्या नादाचा सूर विवराच्या वजनावर व फिरकीवर ठरतो. पंचेचाळीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन केंद्रांनी असा नाद प्रत्यक्ष टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची दोन विवरे एकमेकांत मिसळली होती आणि ६२ सूर्यांचे एक झाले होते. उरलेल्या तीन सूर्यांचे वजन अवकाशाच्या लाटा होऊन निघून गेले. त्या लाटेने लायगोची चार किलोमीटर लांबीची बाहू किती हलली? प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान इतकी. हे मोजणाऱ्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावे.

पुढचा भाग असा. विवराभोवती, क्षितिजाच्या जरा बाहेर, गुरुत्वाकर्षणाचा एक अदृश्य कठडा असतो. नाद त्या कठड्यापाशी उमटतो. अर्धा बाहेर येतो, अर्धा आत जातो. आइन्स्टाइनचे पोकळ क्षितिज असेल तर आत गेलेला अर्धा कायमचा गेला. पण क्षितिजाच्या जागी माथुरांच्यासारखा गुंता किंवा दुसरे काही क्वांटमचे कवच असेल, तर ती लाट तिथे आपटून परत फिरेल, कठड्यावर आदळेल, थोडी बाहेर झिरपेल, बाकीची पुन्हा आत जाईल. म्हणजे मुख्य नादानंतर ठराविक अंतराने मंद होत जाणारे प्रतिध्वनी यायला हवेत. गोल घुमटात टाळी वाजवावी तसे.

यातली सर्वांत गंमतीची गोष्ट त्या अंतराची आहे. असले कवच क्षितिजापासून वस्त्राच्या विणीइतक्या, म्हणजे कल्पनेतही न मावणाऱ्या बारीक अंतरावर असणार. त्याचा परिणाम कोण मोजणार? पण क्षितिजाजवळ काळ इतका मंदावतो की तेवढेसे अंतर तोडायलाही लाटेला बाहेरच्या घड्याळाने खासा वेळ लागतो. आणि हा वेळ अंतराच्या लॉगरिदमने वाढतो. शाळेतली लॉगची कोष्टके ज्यांनी उघडली आहेत त्यांना यातली जादू कळेल. विवराचा आकार त्या विणीच्या एकावर चाळीस शून्ये इतका पट आहे. पण त्या राक्षसी आकड्याचा लॉग अवघा चाळीस. त्यामुळे एरवी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा जो मामला, तो २०१५ च्या त्या विवरासाठी जवळजवळ तीन दशांश सेकंदांचा होतो. तीन दशांश सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याचा वेळ. एवढे तर यंत्र सहज मोजते. विश्वातली सर्वांत सूक्ष्म वीण आपल्या हाती लागण्याची अशी वाट निघेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

आणि खरोखरच २०१६ च्या डिसेंबरात जाहेद आबेदी, हॅना डायकार आणि नियायेश अफशोर्दी या तिघांनी सांगितले की लायगोच्या उघड्या नोंदींत आम्हाला असे प्रतिध्वनी सापडले आहेत. जगभर खळबळ उडाली. त्यांच्या हिशेबाने हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास होती. आपल्याला वाटेल, शंभरात एक म्हणजे पक्केच झाले की! पण या शास्त्रात शोध जाहीर करायचा तर ती शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी खाली यावी लागते. आणि ही कडक शिस्त अनुभवाने आलेली आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा चाळल्या आणि त्यांना पुरावा आणखी लेचापेचा वाटला. पुढे लायगो, इटलीतले व्हर्गो आणि जपानचे काग्रा यांच्या मंडळींनी डझनावारी नव्या टकरींत प्रतिध्वनी शोधले. मिळाले नाहीत.

यात कोणाची लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गोंगाटातून लाट वेचण्याची रीतच अशी आहे की आधी सूर ठाऊक असावा लागतो. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासून या रीतीवर मोलाचे काम केले: अपेक्षित सुरांचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि एकेक नमुना नोंदीवर ठेवून पाहायचा. जत्रेच्या कोलाहलातही आई आपल्या पोराची हाक ओळखते, ती याच रीतीने. पण पोर हरवलेल्या आईला दर हाकेत आपलेच पोर ऐकू येते, हेही तितकेच खरे. ज्याचा ज्या सुरावर जीव, त्याला तो सूर लवकर ऐकू येतो. म्हणून दुसऱ्याने, ज्याचा त्यावर जीव नाही अशाने, पुन्हा ऐकायचे असते. त्या तिघांनी आपला दावा सर्वांनी तपासावा असा मांडला आणि इतरांनी तो तपासला. नकार आला, पण प्रश्न पुराणातून उठून प्रयोगशाळेत आला, हे काही थोडे नाही. गुंता आलेली लाट परतवील की गिळून बसेल, यावर त्या पक्षातही एकमत नाही. तेव्हा कवच असलेच तर ते लाट चांगलीशी परतवणारे नाही, एवढेच तूर्त म्हणता येते.

उसळीच्या पक्षाची खूण निराळी. मोठी विवरे उसळायला वेळ फार. म्हणून शोधायची ती विश्वाच्या आरंभी जन्मली असतील अशी बारकी विवरे. रोव्हेल्ली यांच्या एका हिशेबाने आज उसळण्याच्या बेतात असलेले विवर वजनाने आपल्या चंद्राहून काहीसे अधिक, पण आकाराने मोहरीच्या दाण्याहूनही लहान असेल. ते फुटले की प्रारणांचा एक झोत निघावा. २००७ पासून रेडिओ दुर्बिणींना आकाशात सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते लखलखणारे गूढ स्पंद सापडू लागले होते. हीच तर ती उसळी नव्हे, असे या मंडळींनी २०१४ साली विचारले. मात्र अपेक्षित लहरी मिलिमीटरहून आखूड आणि आलेल्या वीसेक सेंटिमीटरच्या, ही अडचण त्यांनी स्वतःच नोंदवली. मग २०१६ साली कळले की यातला एक स्पंद त्याच जागेवरून पुनःपुन्हा येतो. पुण्याजवळ खोडदला तीस अवाढव्य थाळ्यांची जी रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिनेही २०२० साली अशाच दुसऱ्या एका उगमाचे पंधरा स्पंद टिपले. जे फुटून संपते ते पंधरा वेळा कसे फुटणार? त्याच वर्षी आपल्याच आकाशगंगेतल्या एका प्रखर चुंबकी ताऱ्याने असाच स्पंद दिला आणि संशय त्या ताऱ्यांवर गेला. विरून जाता जाता फुटणाऱ्या विवरांचे गॅमा किरणही २००८ पासून फर्मी दुर्बीण शोधते आहे. तेही आढळलेले नाहीत. तरीही उसळीचा पक्ष हरलेला नाही; अशी बारकी विवरे मुळात जन्मली होती की नाही, हेच अजून कोणी जाणत नाही.

मग हाती काय लागले? क्षितिज हे आइन्स्टाइन आणि हॉकिंग म्हणतात तसेच वागते, याचा पुरावा मात्र घट्ट होत चालला आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगोला पहिल्याहून सुमारे तिप्पट स्पष्ट अशी टक्कर ऐकू आली. हॉकिंग यांनी १९७१ साली सांगितले होते की दोन विवरे मिसळली तर नव्या क्षितिजाचे क्षेत्रफळ जुन्या दोहोंच्या बेरजेहून कमी होऊच शकत नाही. इथे आधीची बेरीज होती सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून काहीशी लहान. आणि नंतरचे क्षेत्र सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच मोठे. नियम खरा ठरला, आणि शंका राहिली ती लाखात एकापुरती. हॉकिंग मात्र हे पाहायला उरले नव्हते. ते १४ मार्च २०१८ रोजीच गेले. २०१९ साली एम ८७ या दीर्घिकेतल्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या विवराचे आणि २०२२ साली आपल्या आकाशगंगेच्या मधल्या विवराचे जे छायाचित्र सर्वांनी पाहिले, त्यातल्या काळ्या छायेचा आकारही मोजमापाच्या मर्यादेत आइन्स्टाइनच्याच बाजूचा. क्वांटमची वीण अजून कुठेही उसवून दिसलेली नाही.

यापुढची गोष्ट आपल्या दारात येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतातले केंद्र उभे राहायचे आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि काम पुरे होण्याची मुदत २०३० ची ठेवली. औंढ्याचे नाव मराठी वाचकाला नामदेव आणि विसोबा खेचरांमुळे ठाऊक. आता ते या कारणानेही होईल. ज्या मुलखात पाण्याच्या हंड्यासाठी मैलभर चालावे लागते तिथे हा खर्च कशाला, असे कोणी विचारले तर त्याला गप्प करू नये; प्रश्न खराच आहे, आणि पाणीही दिलेच पाहिजे. पण या केंद्राचा उपयोग विचारला तर तो सांगता येतो. एका जागचा आवाज म्हणजे गोंगाट असू शकतो. पृथ्वीच्या दूरदूरच्या चार-पाच जागी तोच आवाज आला तर तो आकाशाचा. लेचापेचा पुरावा घट्ट करायला, किंवा ठामपणे खोडून काढायला, असा आणखी एक कान लागतो.

तेव्हा वाचकहो, पुढे कधी 'कृष्णविवराचे रहस्य उलगडले' असा मथळा वर्तमानपत्रात दिसला, तर हुरळूही नये आणि हसूही नये. तीन गोष्टी विचाराव्यात. किती ठिकाणच्या यंत्रांनी ते ऐकले? योगायोगाची शक्यता शंभरात एक की लाखांत एक? आणि ज्याचा त्या मतावर जीव नाही अशा कोणी ते पुन्हा तपासले काय? पोथीतल्या पाठभेदांनाही आपण हेच प्रश्न लावतो: प्रती किती, लेखकू कोण, आणि दुसऱ्या घराण्याच्या पोथीत तेच सापडते काय.

वह्या अजून वर आलेल्या नाहीत. त्या बुडाल्याच नाहीत, हेही सिद्ध झालेले नाही. जे काठावर कान लावून बसले आहेत त्यांना आजवर मिळालेली बहुतेक उत्तरे 'नाही' अशी आहेत, आणि ती त्यांनी लपवलेली नाहीत. लिहिलेले अक्षर कुठेही गेले तरी पुसले जात नाही, या श्रद्धेपायी विश्वाच्या सर्वांत खोल डोहाशी झगडणारी ही माणसे आहेत. अक्षर या शब्दाचा अर्थच मुळी 'न नासणारे' असा. तो अर्थ खरा की नुसती समजूत, याचा निकाल त्या डोहाशी लागायचा आहे.